आप्पांचा औषधी स्टेंट दोन वर्षांत पुन्हा आवळलाय – आता दुसरा स्टेंट की औषधाचा फुगा?

कातळशिल्प | १४ नोव्हेंबर, रात्री ९.४०

मंडळी, लांबेल थोडं, पण सगळं एकदाच लिहितो.

आप्पा (वडील), वय ६८. शुगर जुनी, बीपी आहे, बिडी सोडून बरीच वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी कोल्हापूरला अँजिओप्लास्टी झाली. एलएडीत, म्हणजे हृदयाच्या पुढच्या बाजूच्या मोठ्या धमनीत, एक लांबलचक स्टेंट (नळी उघडी ठेवणारी धातूची जाळी) घातला. साधा नव्हे, औषधाचा. फाईलमध्ये चिकटवलेल्या लेबलवर औषधाचं नाव सिरोलिमस लिहिलंय, माप ३.० बाय ४० मिलिमीटर. त्यानंतर माणूस ठणठणीत. यंदा पावसात बेणणीलाही स्वतः उभे होते.

दसऱ्यापासून मात्र आंब्याच्या कलमांकडे जायची घाटी चढताना छातीत भरून येतं, डावा खांदा जड होतो. चिऱ्याच्या गडग्यावर जरा टेकले की ओसरतं. आधी ॲसिडिटी म्हणून काढलं, शेवटी धरून नेलं. अँजिओग्राफीत बाकीच्या नळ्या बऱ्या निघाल्या, पण त्या स्टेंटच्या आतच मधोमध ८० टक्के अडथळा.

डॉक्टर म्हणाले, आत अजून एक औषधी स्टेंट घालू किंवा औषध लावलेल्या फुग्याने उघडू, आत बघून ठरवू. तोंडी सांगितलेला खर्च अडीच-तीन लाख. आप्पांचं म्हणणं, "पहिल्या वेळी औषध होतं ना? मग ते काय धुऊन गेलं? आधी फवारणी आटपू दे." काकांचं म्हणणं, माल डुप्लिकेट घातला. मला दोघांनाही धड उत्तर देता येत नाही.

ते औषध नेमकं करतं काय, आणि ते असूनही परत का आवळतं? फुग्याचा अनुभव आहे का कुणाला? आणि फवारणीसाठी महिनाभर थांबणं चालेल का?

---

वेंगुर्ल्याची_पोर | १४ नोव्हेंबर, रात्री १०.०५

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही. फवारणी गडी करतील. आप्पांना चढणीवर पाठवू नका.

---

गुहागरी | १४ नोव्हेंबर, रात्री १०.३१

आलं, लसूण, लिंबू, ॲपल सायडर व्हिनेगर आणि मध. आमच्या ओळखीत एकाचे सगळे ब्लॉक विरघळले. रेसिपी व्यक्तिगत निरोपात पाठवू का?

---

वेंगुर्ल्याची_पोर | १४ नोव्हेंबर, रात्री १०.३४

लोणच्याला छान लागेल.

---

फार्मसीवाला_लांजा | १५ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

दुकान उघडायच्या आधी लिहून टाकतो. आयुष्यभर औषधं विकली, त्यामुळे या विषयावर जरा जास्तच वाचलंय.

'डुप्लिकेट' आधी बाजूला ठेवा. लेबलवर कंपनी, बॅच नंबर, माप असतं. तुमच्याकडे ते आहे म्हणजे माग काढता येतो. औषधी स्टेंट पुन्हा आवळण्याचं प्रमाण कमी आहे, शून्य नाही. जुनी शुगर, लांब स्टेंट आणि बारीक किंवा चुना साचलेली नळी असेल तर ते वाढतं. पहिल्या दोन गोष्टी तर तुम्हीच लिहिल्यात.

आता औषध काय करतं. १९७७ च्या सप्टेंबरात झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी पहिल्यांदा जाग्या माणसाच्या हृदयाच्या धमनीत फुगा फुगवून अडथळा उघडला. काम झकास, पण पुढच्या सहा महिन्यांत साधारण तीनातल्या एकाची नळी परत आखडायची. एक तर नळी लवचीक, ताणली की मागे येते. म्हणून १९८६ मध्ये फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये धातूची जाळी आत ठेवायला सुरुवात झाली. जाळीने नळीला मागे येऊ दिलं नाही, पण दुसरी भानगड तशीच राहिली. फुग्याने आणि जाळीने आतल्या भिंतीला जखम होते. ती भरताना भिंतीतल्या स्नायूपेशी वाढतात, आत सरकतात आणि जाळीच्या तारांवर थर चढवतात. कलमाला बांधून विसरलेली तार खोड कसं गिळतं, ते तुम्ही बागायतदार रोज बघता, तसंच हे. थोडा थर हवाच, तो नसेल तर उघड्या धातूवर रक्त गोठतं. जास्त झाला की वाट बंद.

औषध त्या वाढीला लगाम घालतं. सिरोलिमस पेशीला दुभंगायच्या आधीच अडवतं, पेशी मरत नाही, नुसती थांबते. तारेवर पातळ लेप असतो, त्यातून औषध हळूहळू भिंतीत झिरपतं. बरंचसं पहिल्या महिन्यात, उरलेलं पुढच्या दोनेक महिन्यांत. म्हणजे आप्पांना सांगा, औषध धुऊन गेलं नाही, त्याची पाळीच तेवढी होती. जखम भरायचे ते महिने ते राखणीला असतं. पुढे राहते ती नुसती जाळी. (काही स्टेंटमधला लेपही नंतर विरघळून जातो.)

आकडे सांगतो म्हणजे काकांना पटेल. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या रॅव्हेल चाचणीत २३८ रुग्ण होते. सहा महिन्यांनी साधा स्टेंट घातलेल्यांपैकी २६.६ टक्के लोकांच्या नळ्या पुन्हा आवळल्या होत्या, औषधी स्टेंटवाल्यांत एकाचीही नाही. तेव्हा काही जण म्हणाले, संपला हा आजार. पुढच्याच वर्षी हजारावर रुग्णांची सिरियस चाचणी आली, जरा अवघड नळ्यांची. त्यात औषधी स्टेंटमध्ये ८.९ टक्के आणि साध्यात ३६.३. फरक दांडगा, पण शून्याचं स्वप्न तिथेच संपलं. त्या ८.९ मध्ये कुणीतरी असणारच ना.

दुकानात गिऱ्हाईक आलं. बाकीचं नंतर.

---

अबोली | १५ नोव्हेंबर, सकाळी ११.२०

कलमाच्या तारेचं अगदी डोक्यात बसलं.

आईचा स्टेंट झाला तेव्हा डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, तंबाखू? आम्ही सगळे एका सुरात नाही. आई गप्प. मग हळूच म्हणाली, "मिश्री लावते की सकाळी." आमच्याकडे मिश्रीला कुणी तंबाखूत धरतच नाही, ती दात घासायची वस्तू! पदराच्या गाठीला डबी, सकाळी आणि दुपारी जेवल्यावर, शेजारणी पण तशाच. भाजलेली असली तरी तंबाखूच ती. आता सोडलीय, पण सुरुवातीला फार चिडचिड झाली. ज्यांच्या घरी आई-आजी आहेत त्यांनी हे मुद्दाम विचारा, त्या आपणहून सांगणार नाहीत.

---

बाबू_मालवणी | १५ नोव्हेंबर, दुपारी १.०२

आमच्या चुलत्यान काय केल्यान सांगतंय. स्टेंट घालून घराक इलो, तीन म्हयन्यांत गोळये बंद. इचारलंय तर म्हणता, "माका आता बरा वाटता, मगे गोळये कित्याक खाव?" एक दिवस पहाटे छातीत इतक्या जोरात दुखाक लागला की घामान चादर भिजली. १०८ बोलावली, गावातल्या सरकारी दवाखान्यात ईसीजी काढलो, गुठळी विरघळवचा इंजेक्शन थयच दिल्यानी आणि मगे घाट चढान कोल्हापूर. वाचलो. पण आता हृदय कमी ताकदीचा आसा, जाळा ओढूक जमना नाय.

(मालवणी न कळणाऱ्यांसाठी: गोळ्या थांबवल्या, स्टेंटमध्ये गुठळी झाली, जीव वाचला, होडी सुटली.)

आप्पांच्या गोळ्या चालू हत ना? आदी ता बघा.

---

कातळशिल्प | १५ नोव्हेंबर, रात्री ८.१०

बाबू, गोळ्यांच्या बाबतीत आप्पा घड्याळ आहेत. रक्त न गोठण्याच्या पहिलं वर्षभर दोन होत्या, नंतर डॉक्टरांनीच एक कमी करून इकोस्प्रिन (ॲस्पिरिन) आणि कोलेस्टेरॉलची ठेवली. मग चुलत्यांचं झालं ते आणि आप्पांचं झालंय ते एकच का?

---

कॅथलॅबमधून | १५ नोव्हेंबर, रात्री ११.४८

ड्युटी संपवून आलो. मी डॉक्टर नाही, कॅथलॅबमध्ये (अँजिओप्लास्टी करतात ती खोली) टेक्निशियन आहे. टेबलाच्या या बाजूने रोज बघतो तेवढं सांगतो. मूळचा राजापूरचा, नोकरीला घाटावर.

एकच नाही. इथेच सगळ्यांचा घोळ होतो. नातेवाईक 'स्टेंट बंद पडला' म्हणतात, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात.

आप्पांचं झालंय ते हळूहळू आवळणं. आतला थर वाढत जातो, चढणीवर दम लागायला लागतो, माणूस चालत ओपीडीत येतो. वेळ मिळतो. बाबूंच्या चुलत्यांचं ते गुठळी होणं. मिनिटांत सगळं बंद, सरळ मोठा झटका. त्याचं एक मोठं कारण म्हणजे रक्ताच्या गोळ्या वेळेआधी सोडणं. आणि तिसरं म्हणजे दुसऱ्याच ठिकाणी नवा अडथळा. तिथे बिचाऱ्या जुन्या स्टेंटचा काही संबंध नसतो, पण शिव्या त्यालाच.

गंमत अशी की आवळण्यावर काढलेल्या औषधानेच गुठळीची भीती वाढवली होती. पेशींची वाढ रोखली म्हणजे तारांवर चढायला हवा तो चांगला पातळ थरही उशिरा चढतो. धातू उघडा राहिला की रक्त गोठायला जागा. २००६ साली बार्सिलोनाच्या हृदयरोग परिषदेत यावरून मोठा गदारोळ झाला. त्याच वर्षाअखेर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तज्ज्ञांची बैठक बोलावली, आणि दोन गोळ्या वर्षभर हे पक्कं होत गेलं. ते पहिल्या पिढीचे स्टेंट होते. त्यांतल्या सायफर नावाच्या स्टेंटची तार १४० मायक्रॉन जाडीची, म्हणजे मिलिमीटरच्या सातव्या हिश्श्याएवढी. आताच्या तारा ६० ते ८० मायक्रॉनच्या, लेपही सुधारलेला. त्यामुळे आता स्थिर रुग्णाला साधारण सहा महिने आणि झटका येऊन गेलेल्याला वर्षभर दोन गोळ्या, असा हिशोब असतो. रक्तस्रावाचा धोका बघून डॉक्टर तो कमी-जास्त करतात. *डॉक्टर* करतात. चुलते नव्हे.

आता आप्पा. पेशी वाढल्या हे अर्धं उत्तर झालं. दुसरं अर्धं असं की बऱ्याच वेळा स्टेंट पहिल्या दिवशीच पुरता उघडलेला नसतो. भिंतीत चुना साचून कडक झालेली जागा असते, तिथे जाळी कमरेत बांधल्यासारखी राहते. साध्या अँजिओग्राफीत नुसती नळीची सावली दिसते, हे नेहमी कळतंच असं नाही. आधीच अरुंद राहिलेल्या जागी थोडासा थर चढला तरी ८० टक्के होतात.

म्हणून 'आत बघून ठरवू' हे तुमच्या डॉक्टरांचं वाक्य मला फार आवडलं. आत बघणं म्हणजे ओसीटी किंवा आयव्हस. बारीक तारेवरून एक नळी स्टेंटमध्ये नेतात, एक प्रकाशाने बघते, दुसरी ध्वनिलहरींनी. ओसीटीत तारेचा एकेक ठिपका मोजता येतो, त्याच्यावर किती थर चढलाय तेही. खर्च वाढतो, पण अशा केसमध्ये तो वायफळ नाही. कारण कळल्याशिवाय जुन्या आवळलेल्या जाळीत नवी जाळी कोंबली तर ती पण तिथेच आवळेल.

स्टेंट की फुगा? फुग्यावर औषधाचा लेप असतो, साधारण मिनिटभर भिंतीला दाबून धरतात, औषध तिथे उतरतं आणि फुगा बाहेर येतो. आत नवा धातू राहत नाही, ही त्याची जमेची बाजू. औषधी स्टेंटच्याच आत अडथळा असेल तर तुलनात्मक अभ्यासांत दुसरा औषधी स्टेंट जरा सरस ठरलाय, म्हणजे परत यावं लागण्याचं प्रमाण कमी. पण एकावर एक दोन थर धातू झाले की तिसऱ्या वेळी जागा उरत नाही. नळी किती रुंद, थर किती जाड, बाजूला फाटे कुठे, यावर ठरतं. इथे बसून कुणी 'फुगाच घ्या' म्हणत असेल तर सोडून द्या.

अमेरिकेत हृदयाच्या धमनीसाठी पहिला औषधी फुगा २०२४ च्या सुरुवातीला मंजूर झाला. युरोपात आणि आपल्याकडे तो कितीतरी आधीपासून वापरात आहे. या एका बाबतीत आपण मागे नव्हतो.

आणि थांबण्याबद्दल: चढणीवर दुखतंय आणि बसल्यावर थांबतंय तोवर तारीख ठरवून जाता येईल, ती तारीख डॉक्टरांकडून घ्या, आंब्याकडून नको. कमी चालण्यावर दुखायला लागलं किंवा बसल्या जागी दुखलं तर त्याच क्षणी निघायचं. घाट ओलांडायला लागणारा वेळ धरून चला.

---

वेंगुर्ल्याची_पोर | १६ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

वाचनखूण साठवली.

---

शंकासुर | १६ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

मी नेहमीप्रमाणे विरुद्ध बाजूने.

स्टेंट घातल्याने माणूस जास्त जगतो असं सगळे धरून चाललेत. २०२० साली इस्केमिया नावाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, ५,१७९ रुग्ण. स्थिर आजारात गोळ्यांबरोबर स्टेंट किंवा बायपास केलेले एकीकडे, आधी फक्त गोळ्या घेणारे दुसरीकडे. मृत्यू आणि झटक्यांत लक्षणीय फरक नाही! मग तीन लाख कशाला? आणि आपल्याकडे चाळिशीतल्या माणसाची ट्रेडमिल जरा इकडेतिकडे आली की लगेच 'आजच टाकून घ्या' म्हणून घाबरवतात त्याचं काय? माझ्या मेव्हण्याला असंच टेबलावर झोपवून विचारलं होतं. त्याने उठून चपला घातल्या. आज मजेत आहे.

---

कॅथलॅबमधून | १६ नोव्हेंबर, दुपारी ३.१५

शंकासुर, चाचणी बरोबर सांगितलीत आणि मेव्हण्यांचं कौतुक आहे. टेबलावर झोपवून होकार घेणं मलाही पटत नाही. पण त्याच चाचणीचा दुसरा अर्धा भाग वाचा. ज्यांना वारंवार छातीत दुखत होतं त्यांचं दुखणं स्टेंट-बायपासच्या गटात जास्त कमी झालं. डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असलेले आणि गोळ्या घेऊनही असह्य त्रास असलेले लोक तर त्यात घेतलेच नव्हते. आणि ऐन झटक्यात नळी उघडल्याने जीव वाचतो, त्यावर वाद नाही.

आप्पांना गोळ्या चालू असताना त्रास होतोय, तोही वाढता. त्यांना ट्रेडमिलवरून पकडलेलं नाही.

उलट तुमच्या बाजूचा एक मुद्दा मीच देतो. शुगर आणि दोन-तीन नळ्या खराब असतील तर औषधी स्टेंटपेक्षा बायपास बरा, हे २०१२ च्या फ्रीडम चाचणीत दिसलंय. आप्पांची एकच नळी आहे म्हणून तो विषय मागे पडतो. बाकी वाचकांनी मात्र हा प्रश्न विचारावा: "बायपासवाल्या डॉक्टरांचंही मत घेऊ का?" चांगला डॉक्टर चिडत नाही.

---

शंकासुर | १६ नोव्हेंबर, दुपारी ३.४०

ठीक. आप्पांपुरता माघार. खोबरेल तेलावर धागा काढतोय, तिथे भेटू.

---

फार्मसीवाला_लांजा | १६ नोव्हेंबर, रात्री ९.००

खर्चाचं राहिलं होतं. १३ फेब्रुवारी २०१७ ला सरकारने स्टेंटच्या किमतीला मर्यादा घातली. साधा ७,२६० रुपये, औषधी २९,६०० रुपये. त्याआधी औषधी स्टेंटची छापील किंमत लाखाच्या पुढे असायची. नंतर हे आकडे वेळोवेळी बदललेत, पण मर्यादा कायम आहे. आणि त्याच वेळचा नियम आहे की रुग्णालयाने बिलात स्टेंट वेगळा दाखवायचा, ब्रँड, कंपनी आणि बॅच नंबरसकट. तो मागून घ्या.

मग तीन लाख कसे होतात? मर्यादा स्टेंटपुरती आहे. औषधी फुगा, साधे फुगे, तारा, कॅथेटर, ओसीटीची नळी, खोलीचं भाडं, सगळं तिच्या बाहेर. म्हणून एकच आकडा घेऊ नका, फोड करून मागा. आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तुमचं रुग्णालय आहे का, हा प्रकार आणि हा फुगा त्यात बसतो का, हे तिथल्या आरोग्यमित्राला भरती व्हायच्या *आधी* विचारा. रेशनकार्ड आणि आधार बरोबर असू द्या. बिल झाल्यावर काही होत नाही.

किडनीची क्रिएटिनिन तपासणी ताजी ठेवा. शुगरवाल्यांना अँजिओग्राफीतल्या त्या रंगाच्या इंजेक्शनचा भार पडतो, आणि आता थोड्या दिवसांत दुसऱ्यांदा देणार.

अवांतर, पण राहवत नाही. सिरोलिमस कुठून आलं ठाऊक आहे? १९६४ मध्ये कॅनडाची एक मोहीम प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर गेली होती. तिथली माती माँट्रियलच्या प्रयोगशाळेत आली. मातीतल्या जिवाणूत हे द्रव्य सापडलं आणि बेटाच्या रापा नुई या नावावरून त्याला रॅपामायसिन म्हणू लागले. त्यामागचा मुख्य माणूस आपल्याकडचा, सुरेंद्रनाथ सहगल, बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले. शोधत होते बुरशीवरचं औषध, निघालं रोगप्रतिकारशक्ती दाबणारं. कंपनीने त्या प्रयोगशाळेला टाळं लावलं तेव्हा सहगलांनी त्या जिवाणूच्या कुप्या घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवल्या. पुढे १९९९ मध्ये ते मूत्रपिंड बदललेल्यांसाठी मंजूर झालं आणि त्याच वर्षी डिसेंबरात ब्राझीलमध्ये एदुआर्दो सौझा यांनी ते लावलेला पहिला स्टेंट माणसाच्या हृदयात घातला. अमेरिकेत त्या स्टेंटला २००३ च्या एप्रिलमध्ये मंजुरी मिळाली. सहगल त्याच वर्षाच्या सुरुवातीला गेले. फ्रीझरमध्ये जागा नाही म्हणून कुणी त्या कुप्या टाकल्या असत्या तर?

---

अबोली | १६ नोव्हेंबर, रात्री ९.२२

आमच्या फ्रीझरमध्ये सुकी कोलंबी आणि आमरस सोडून कशालाच जागा मिळाली नसती.

---

कातळशिल्प | २९ नोव्हेंबर, रात्री १०.१५

झालं. कालच घरी आणलं.

शेवटी आप्पांना तयार केलं ते बाबूच्या चुलत्यांच्या गोष्टीने. आकड्यांनी ते हलले नाहीत, "होडी सुटली" ऐकल्यावर गप्प झाले. फवारणी काका बघतायत आणि फोनवरून शिव्या खातायत.

उजव्या मनगटातून केलं. आप्पा जागे होते. डॉक्टरांनी मला नंतर पडद्यावर ओसीटी दाखवली. गोल नळीचा आडवा छेद, आणि कडेने पांढरे ठिपके, त्या म्हणे स्टेंटच्या तारा. वरच्या आणि खालच्या टोकाला ठिपक्यांचं वर्तुळ छान मोठं. मधे आलं की तेच वर्तुळ आखडलेलं, एका बाजूने चपटं, आणि मागे करडी जाड पट्टी – चुना. माप तीन मिलिमीटर हवं तिथे सव्वादोन. त्यावर पुन्हा आतून राखाडी थर. कॅथलॅबमधून यांनी लिहिलं होतं तसंच. त्यांना मी आमच्या डॉक्टरांचं नाव सांगितलेलं नाही, शपथेवर!

आधी कडक, न ताणणारा फुगा जास्त दाबाने फुगवला, मग पुन्हा ओसीटी. वर्तुळ पुष्कळ उघडलं होतं. त्यानंतर औषधाचा फुगा मिनिटभर धरला. तेवढ्या वेळात आप्पांच्या छातीत दुखलं, तसं आधी सांगूनच ठेवलं होतं. दुसरा स्टेंट घालायची गरज नाही म्हणाले. काकांना पहिल्या स्टेंटचं लेबल आणि ही चित्रं दोन्ही दाखवली. आता ते म्हणतात, "म्हणजे माल चांगला होता, बसवला घट्ट जागी." एवढं कबूल केलं हेच खूप.

खर्च फोड करून मागितला. स्टेंट नसल्याने ती ओळच नाही, पण औषधी फुग्याची एकट्याची ओळ चांगलीच जाड निघाली. योजनेत काही भाग बसला, बाकी आम्ही भरला.

गोळ्या पुन्हा दोन झाल्यात, क्लोपिडोग्रेल सहा महिने तरी. कोलेस्टेरॉलची वाढवली, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ५५ च्या खाली हवंय म्हणाले, ९८ होतं. तीन महिन्यांची शुगर ८.४ निघाली, खरा ओरडा त्यावरून बसला.

एक शंका राहिली. आप्पांची दाढ दुखतेय, पुढच्या महिन्यात काढायची ठरली होती. गावातले दाताचे डॉक्टर म्हणतात पाच दिवस दोन्ही गोळ्या बंद करून या. आणि दाढ ठणकली की आप्पा कपाटातली ब्रुफेन घेतात.

---

बाबू_मालवणी | २९ नोव्हेंबर, रात्री १०.२०

बंद करू नकात!! आप्पांक माझो नमस्कार सांगा.

---

कॅथलॅबमधून | २९ नोव्हेंबर, रात्री ११.५५

सव्वादोन! ते चित्र जपून ठेवा, फाईलमध्येच.

पाच दिवस दोन्ही बंद अजिबात नाही. आत्ताच फुगा झालाय. त्या दातांच्या डॉक्टरांना हृदयाच्या डॉक्टरांशी फोनवर बोलायला लावा, दोघांचं एकमत होईपर्यंत दाढ राहू दे. घाई नसेल तर सहा महिन्यांनी काढता येते. घाई असेल तर एक दाढ बहुतेक वेळा गोळ्या चालू ठेवूनच काढतात, जागेवर टाका आणि दाबून धरलेला बोळा.

---

फार्मसीवाला_लांजा | ३० नोव्हेंबर, सकाळी ७.०५

ब्रुफेन कपाटातून काढून टाका. एक तर इकोस्प्रिनबरोबर घेतली की ती इकोस्प्रिनच्या कामात आडवी येते, दुसरं म्हणजे पोटात रक्तस्राव आणि किडनीवर ताण. दुखलंच तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून. आणि क्लोपिडोग्रेल चालू असताना ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोल नको. यकृतात क्लोपिडोग्रेलचं खरं औषध बनतं, ते त्याने कमी बनतं. पँटोप्राझोल चालतं. आमच्या दुकानात 'ओमेझ द्या' म्हणून चिठ्ठीशिवाय मागणारे रोज येतात, म्हणून हे वेगळं लिहिलं. छातीत दुखल्यावर घ्यायची जिभेखालची सॉर्बिट्रेट दिली असेल तर ती बसूनच घ्यायची, उभ्याने घेतली की चक्कर येऊन पडतात. बाटलीवरची तारीख बघा.